टिक नको, आकडा लिहा : हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीबद्दल वाचकांचे प्रश्न

हायड्रॉलिक प्रेसबद्दल प्रश्न पाठवा असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. पत्रं शिरोलीपासून लोट्यापर्यंत सगळीकडून आली. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत. जे स्वतः प्रेससमोर उभे राहतात त्यांच्या पत्रांना आधी जागा दिली आहे.

आमचा १०० टनी, चार खांबांचा प्रेस आहे. स्टीलचे डबे आणि झाकणं ओढतो. मेंटेनन्सचा तक्ता भिंतीवर लावलाय, रोज टिक होते. तरी वर्षात दोनदा मोठं ब्रेकडाउन झालं, एकदा तर पंपच गेला. तक्त्यात काय राहिलंय?
— एक लघुउद्योजक, शिरोली, कोल्हापूर

तक्त्याचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. ‘ऑइल लेव्हल’, ‘प्रेशर’, ‘आवाज’, ‘लीकेज’ असे रकाने आहेत आणि महिनाभर प्रत्येक घरात टिक आहे. ज्या आठवड्यात पंप गेला त्या आठवड्यातही आहे. रकाने ठीक आहेत, पण टिकेतून काहीच कळत नाही. कालच्यापेक्षा आज काय बदललं ते टिक सांगू शकत नाही. ऑइलचं तापमान एका सोमवारी ४८, पुढच्या सोमवारी ५२, त्याच्या पुढच्या सोमवारी ५७ असेल तर तिन्ही दिवशी माणूस प्रामाणिकपणे ‘ओके’ म्हणेल. तेच आकडे एकाखाली एक लिहिले की कूलर भरत चाललाय हे वही उघडणाऱ्या कुणालाही दिसतं.

तेव्हा तक्ता काढा आणि प्रेसला एक वही बांधा. रोज तीन आकडे लिहायचे.

पहिला ऑइलच्या तापमानाचा. शिफ्ट सुरू होऊन दोन तास झाले की, रोज त्याच वेळी. टाकीच्या लेव्हल गेजमध्येच थर्मामीटर असतो. तुमच्या फोटोत तो पार काळा पडलेला दिसतोय, आधी तो बदला. टाकीला हात लावून अंदाज घेऊ नका, प्रत्येकाचा हात वेगळा. ४५ ते ५५ अंश असेल तर ठीक. रोजच ६० च्या वर जात असेल तर कारण शोधायलाच हवं, कारण तिथून पुढे दर दहा अंशांना ऑइलचं आयुष्य जवळपास निम्मं होत जातं आणि सीलंही लवकर कडक होतात.

दुसरा आकडा प्रेशरचा, जॉबवर पूर्ण दाब आल्यावर गेजवर दिसतो तो. तुमच्या सिलेंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, २५० मि.मी. आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण ४९१ चौरस सें.मी. होतं, म्हणजे २०० बारला तुमचे १०० टन पूर्ण झाले. गेजवर २३० दिसत असेल तर १०० टनी प्रेसकडून तुम्ही ११५ टन काढताय. खांब, नट, वेल्डिंग, सगळ्यावर तो भार जातो. हे कसं होतं तेही सांगतो. पत्रा जरा कडक आला, जॉब नीट ओढला जाईना, की कुणीतरी रिलीफ व्हॉल्व्हचा (जास्तीत जास्त दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू अर्धा फेरा आवळतो. पत्ऱ्याची पुढची लॉट नरम येते, पण स्क्रू मागे फिरवायचं कुणाला आठवत नाही. एकदा सेटिंग झालं की लॉकनट आवळून त्याला तार ओवा आणि शिशाचं सील मारा. सील तोडायचा अधिकार कारखान्यात एकाच माणसाकडे ठेवा आणि तोडलं की वहीत नोंद करायला लावा.

तिसरा आकडा रॅम, म्हणजे वरखाली होऊन दाब देणारा भाग, वर जायला किती सेकंद घेतो त्याचा. खाली येतानाची वेळ घेऊ नका. तुमच्या प्रेसला प्रीफिल व्हॉल्व्ह (रॅम उतरताना टाकीतलं ऑइल थेट सिलेंडरमध्ये सोडणारा) आहे, त्यामुळे सुरुवातीचा मोठा टप्पा रॅम स्वतःच्या वजनानेच उतरतो. वर जाताना मात्र सगळं काम पंपाचं असतं. ऑइल ४५-५० अंशांवर आलं की मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. पंप आतून झिजला की गरम, पातळ ऑइल दात आणि बॉडीच्या फटीतून मागे घसरतं आणि वेळ वाढत जाते. १२ सेकंदांचे १२.५ झाले तर लक्ष ठेवा. १४ वर गेले की नवा पंप मागवून ठेवा आणि बदलायचा दिवस तुम्हीच ठरवा.

आठवड्यातून एकदा चौथा आकडा. जॉबवर पूर्ण दाब घ्या, मोटर बंद करा आणि पाच मिनिटांत प्रेशर किती उतरतं ते लिहा. किती उतरलेलं चालतं असं मला बरेच जण विचारतात. प्रत्येक प्रेसचा आकडा वेगळा असतो. तुमचा प्रेस चांगला चालत असताना जो आला तोच तुमचा प्रमाण आकडा. म्हणून वही आजपासून सुरू करा, बिघाड होईपर्यंत थांबू नका.

ऑइलची लेव्हल बघताना रॅम कायम वर हवा. रॅम खाली असताना बरंचसं ऑइल सिलेंडरमध्ये असतं, टाकीत लेव्हल कमी दिसते, आणि कुणीतरी वरून वीस लिटर ओततं. मग रॅम वर गेला की टाकी तुडुंब भरते आणि ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या तोंडातून, ऑइल बाहेर येतं. तुमच्या टाकीच्या झाकणावरचे डाग बहुतेक त्याचेच आहेत.

पंपाच्या आवाजाचंही तुम्ही विचारलंय. पंपात खडे फिरल्यासारखा आवाज आला तर त्याला ऑइल पुरेसं मिळत नाहीये, म्हणून सक्शनचा स्ट्रेनर काढून धुवा. आवाजाबरोबर टाकीत फेसही दिसत असेल तर सक्शनमधून हवा येतेय. पंप चालू असताना सक्शनच्या एकेका जॉइंटवर ब्रशने थोडं ऑइल लावत जा. ज्या जॉइंटवर लावल्यावर आवाज बसतो तिथून हवा आत येतेय. शाफ्ट सीलवरही लावून बघा, पण फिरत्या कपलिंगपासून हात लांब ठेवून.

टाकीत ४०० लिटर ऑइल बसतं. पुरवठादार म्हणतो दर वर्षी बदला. आमचे जुने फिटर म्हणतात काळं होईपर्यंत चालतं. कुणाचं ऐकू?
— कुपवाड, सांगली

ऑइलचंच ऐका. सहा महिन्यांतून एकदा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा), आम्लांक (त्यातल्या आम्लाचं प्रमाण), पाणी आणि कण, या चार तपासण्या पुरतात. तुमच्याकडे व्हीजी ६८ आहे, म्हणजे ४० अंशांना व्हिस्कॉसिटी ६८ च्या आसपास हवी. ती दहा टक्क्यांहून जास्त सरकली किंवा आम्लांक नव्या ऑइलपेक्षा बराच वर गेला तर बदला. नमुना प्रेस चालू असताना, ऑइल गरम असताना, स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्या. प्रेस बंद करून टाकीच्या तळातून काढलेला नमुना तळातला गाळच दाखवतो.

रंगावर जाऊ नका. ऑइल गडद झालं तरी चांगलं असू शकतं, आणि सोन्यासारखं दिसणाऱ्या ऑइलमध्ये कण भरलेले असू शकतात. सुमारे ४० मायक्रॉनच्या खालचा कण डोळ्यांना दिसतच नाही, आणि व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकणारा दांडा) अडकवणारे कण त्याहून पुष्कळ बारीक असतात. तुमच्यासारख्या साध्या सोलेनॉइड (विजेने चालणाऱ्या) व्हॉल्व्हच्या प्रेसला एनएएस वर्ग ८ पर्यंतची स्वच्छता चालते; एनएएस हे ऑइलमधल्या कणांचं प्रमाण आहे, वर्ग जितका लहान तितकं ऑइल स्वच्छ. प्रोपोर्शनल व्हॉल्व्ह असेल तर ६ धरा.

आता एक गोष्ट जी मी जिथे जातो तिथे सांगतो आणि तरी पाळली जात नाही. नवा ड्रम म्हणजे स्वच्छ ऑइल, असं समजू नका. भरताना, वाहतुकीत, उघड्यावर पडून राहताना त्यात कण येतातच. बादली आणि नरसाळं घेऊन ते टाकीत ओतलं की ऑइल बदलल्यावर प्रेस आधीपेक्षा जास्त कुरकुर करतो. दहा मायक्रॉनचा फिल्टर लावलेली ट्रॉली घ्या, नवं ऑइल तिच्यातूनच भरा. प्रेस चालू असताना महिन्यातून एखादा दिवस टाकीतलं ऑइलही तिच्यातून फिरवा. चारपाच कारखान्यांनी मिळून एक ट्रॉली घेतली तरी भागतं.

फिल्टर बदलला की जुना भंगारात टाकायच्या आधी कापून बघा. रिटर्न लाइनच्या फिल्टरचं एलिमेंट हॅकसॉने कापायचं नाही, ब्लेडचाच चुरा आत जातो. पत्ऱ्याच्या कात्रीने जाळी सोडवा, कागदाच्या घड्या चाकूने अलगद कापा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि बॅटरीच्या उजेडात तिरकं बघा. पिवळसर चमक दिसली तर पितळ किंवा ब्रॉन्झ, म्हणजे पंपाचं बुश किंवा सिलेंडरचं गाइड बुश झिजतंय. राखाडी चुरा चुंबकाला चिकटला तर पोलाद, म्हणजे पंपाचे दात किंवा व्हेन. काळे, मऊ, बोटांत चुरगळणारे तुकडे सीलचे. काळे आणि कडक, काठ गुंडाळलेले असतील तर होजच्या आतलं अस्तर सुटतंय. हे तुकडे छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तारीख टाकून वहीलाच स्टेपल करा. पुढच्या वेळी जास्त आले की कमी, ते शेजारी शेजारी दिसेल.

ऑइल टॉपअप करताना ब्रँड आणि ग्रेड तोच ठेवा. सर्व्हो सिस्टिम, एन्क्लो, हायस्पिन ही सगळी चांगलीच आहेत, पण एकात दुसरं मिसळू नका. त्यांतली रसायनं एकमेकांशी जमतील याची खात्री कुणी देत नाही.

दर पावसाळ्यात आमच्या प्रेसचं ऑइल ताकासारखं पांढरं होतं. दरवेळी बदलावं लागतं.
— लोटे, ता. खेड

ऑइलमध्ये पाणी जातंय, आणि लोट्यात ते दोन वाटांनी जातं. दिवसा टाकी गरम असते, रात्री थंड होते, बाहेरची दमट हवा ब्रीदरमधून आत ओढली जाते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमून ऑइलमध्ये पडतात. ब्रीदरची जाळी फाटकी असेल तर हे जास्तच होतं. सिलिका जेल असलेला ब्रीदर लावा. दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला. कोकणात पावसाळाभर हे वरचेवर करावं लागेल.

दुसरी वाट कूलरची. ट्यूबला बारीक छिद्र पडलं की प्रेस चालू असताना ऑइलचा दाब जास्त म्हणून ऑइल पाण्यात जातं, आणि प्रेस बंद पडला की पाणी ऑइलमध्ये येतं. म्हणून आधी कूलिंग टॉवरच्या टाकीत डोकावून बघा. पाण्यावर ऑइलचा रंगीत तवंग असेल तर शोध तिथेच संपला. नसेल तर ब्रीदर.

संशय असेल तेव्हा ऑइलचे दोन थेंब तापलेल्या पत्ऱ्यावर टाका. पाणी असलं की तडतड होते. डोळ्यांना चष्मा लावून आणि लांब उभं राहूनच करा. रविवारी प्रेस बंद असतो तेव्हा पाणी तळाला बसतं. सोमवारी मोटर सुरू करायच्या आधी ड्रेन कॉक हळू उघडून ते सोडा. दरवेळी सगळं ऑइल टाकून देऊ नका, पाण्याची वाट बंद झाली की बरंचसं ऑइल वाचतं.

आमचा रॅम रात्रीतून खाली येतो. संध्याकाळी वर ठेवून जातो, सकाळी १५० मि.मी. खाली असतो. सील किट बदललं, पंधरा दिवस झाले, तरी तेच. आता मालक म्हणतात सिलेंडरच होनिंगला (आतून घासून गुळगुळीत करायला) पाठवा.
— एक मेंटेनन्स फिटर, भोसरी

भाऊ, सिलेंडर खोलू नका. आधी काही गोष्टी तपासायच्या आहेत. पण त्याच्याही आधी, हा प्रेस उद्या सकाळपासून ठोकळ्याशिवाय कुणी हात घालून साफ करणार नाही याची व्यवस्था करा. रॅम आणि डाय मिळून तुमच्याकडे तीन टन वजन आहे. जो रॅम रात्रीतून हळूहळू १५० मि.मी. येतो तो एखाद्या दिवशी एकदम येऊ शकतो. ठोकळा पोलादाचा, रॅम नि डायचं वजन सहज पेलणारा. लाकडाचा ओंडका नको. ठोकळ्याला साखळीने एक इलेक्ट्रिक प्लग बांधलेला असतो. ठोकळा जागेवरून काढून तो प्लग त्याच्या सॉकेटमध्ये बसवल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही, अशी जोडणी इलेक्ट्रिशियनला करायला सांगा. ठोकळा वजनासाठी आहे, १०० टनांसाठी नाही, म्हणून ही जोडणी हवीच.

आता शोध. थोडं खाली येणं हे गळतीशिवायही होतं. संध्याकाळी ऑइल ५० अंशांवर, पहाटे ३० वर. ऑइल गार होताना आकसतं, दर अंशाला दहा हजारात साधारण सात भाग. रॅमला धरून ठेवणारा ऑइलचा स्तंभ ५०० मि.मी. उंच असेल तर २० अंशांत तो ७ मि.मी. कमी होतो. पाचसात मि.मी. साठी कुणी सिलेंडर खोलत असेल तर त्याला थांबवा. तुमचं १५० मि.मी. मात्र नक्की गळतीचं आहे.

ऑइल तीनच वाटांनी जाऊ शकतं. ग्लँडमधून (रॉड बाहेर येतो तिथल्या सीलमधून) बाहेर, ते रॉडवर ओघळताना दिसेल. तुम्ही कोरडं आहे असं लिहिलंय. पिस्टनच्या सीलमधून वरच्या बाजूला. किंवा रॉडच्या बाजूच्या लाइनमधून, म्हणजे रॅमला वर धरून ठेवणाऱ्या पायलट चेक व्हॉल्व्हमधून टाकीकडे.

शेवटच्या दोन वाटा वेगळ्या करायच्या. रॅम वर घ्या, खाली ठोकळा लावा, पण ठोकळा आणि रॅममध्ये दहाएक मि.मी. फट ठेवा म्हणजे रॅम सरकला तर कळेल आणि सरकला तरी तेवढाच सरकेल. मोटर बंद, मेन स्विचला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात. रॉडच्या बाजूच्या पोर्टला, अगदी सिलेंडरजवळ, योग्य प्रेशरचा बॉल व्हॉल्व्ह हवा. तो नसेल तर बसवण्यासाठी लाइन उघडताना रॅम पूर्ण ठोकळ्यावर टेकलेला आणि प्रेशर शून्य हवं. व्हॉल्व्ह बसला की पुन्हा रॅम वर घ्या, फट ठेवा, मोटर बंद, कुलूप. मग बॉल व्हॉल्व्ह बंद करा आणि रॅमच्या बाजूला डायल (बारीक हालचाल दाखवणारा काट्याचा गेज) लावून अर्धा तास काटा बघा.

काटा स्थिर राहिला तर पिस्टनचं सील चांगलं आहे, गळती व्हॉल्व्हच्या बाजूला आहे. काटा फिरत राहिला तर सील.

हे झाल्यावर पहिलं काम बॉल व्हॉल्व्ह उघडायचं, मगच कुलूप काढायचं. शक्य असेल तर तो काढूनच टाका. याचं कारण ऐका. तुमचा बोअर २५० आणि रॉड २०० मि.मी. आहे. वरचं क्षेत्रफळ खालच्या कड्याच्या २.८ पट भरतं. व्हॉल्व्ह बंद असताना कुणी रॅम खाली घेतला आणि वरून २०० बार दिले तर रॉडच्या बाजूला साडेपाचशे बारच्या वर दाब तयार होतो. फिटिंग फुटतं आणि समोर माणूस असतो.

मला वाटतं तुमची गळती व्हॉल्व्हचीच निघेल, कारण नव्या सील किटने काहीच फरक पडला नाही. पायलट चेक व्हॉल्व्ह खोला, पॉपेट आणि सीट भिंगाखाली बघा. सीटवर केसाएवढी चीर किंवा दबलेला कण असला तरी रात्रभरात एवढं ऑइल जातं. सीट चांगली निघाली तर एक प्रश्न विचारा: अलीकडे सोलेनॉइड व्हॉल्व्ह बदलला होता का? मधल्या स्थितीत पायलटची लाइन टाकीकडे मोकळी व्हायला हवी. बदललेल्या व्हॉल्व्हच्या स्पूलचा प्रकार वेगळा असेल तर पायलटमध्ये दाब अडकून राहतो आणि चेक व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. दुकानदार ‘साइज तोच आहे’ म्हणून देतो. साइज तोच असतो, स्पूलचा कोड वेगळा असतो. जुन्या व्हॉल्व्हच्या पट्टीवरचा कोड अक्षर न अक्षर जुळवा. जुना व्हॉल्व्ह भंगारात गेला असेल तर सर्किटच्या ड्रॉइंगवरचं चिन्ह बघा.

मालकांना हे उत्तर वाचायला द्या. होनिंगचा खर्च आणि आठवडाभराचं उत्पादन, दोन्ही कदाचित वाचेल.

प्रेशर गेजचा काटा इतका थरथरतो की रीडिंगच घेता येत नाही. दर तीन महिन्यांनी गेज जातो.
— चाकण

ग्लिसरीन भरलेला गेज घ्या आणि त्याच्या अलीकडे गेज आयसोलेटर लावा, म्हणजे बटण दाबल्यावरच गेजला प्रेशर जाईल. गेजची रेंज चालत्या प्रेशरच्या दीड ते दुप्पट ठेवा. २०० बारला ४०० चा गेज चालतो, २५० चा लवकर मरतो. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करा. वरचे सगळे आकडे याच एका काट्यावर उभे आहेत.

मी प्रेस शॉपची सुपरवायझर आहे. लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) सारखा ट्रिप होतो म्हणून रात्रपाळीत तो बायपास करतात. मी हरकत घेतली की म्हणतात, मॅडम, दोन हातांची बटणं आहेत ना. मी काय सांगू?
— अंबड, नाशिक

ताई, तुम्ही हरकत घेता ते बरोबर करता, आणि ती लेखी घ्या. दोन हातांची बटणं फक्त ती दाबणाऱ्या माणसाचे हात वाचवतात. शेजारी जॉब काढायला उभ्या असलेल्या मदतनिसाचे हात मोकळेच असतात. त्याच्यासाठी कर्टन आहे.

कर्टन सारखा ट्रिप होतो त्याला कारण असतं. काचेवर ऑइलचा थर, दोन पट्ट्यांची सरकलेली रेषा, प्रेसच्या धक्क्याने सैल झालेला ब्रॅकेट, किंवा जॉबच्या पत्ऱ्याची चमक. मऊ फडक्याने काच पुसून, ब्रॅकेटचे बोल्ट आवळून, रेषा जुळवून घेतली की बहुतेक वेळा तक्रार जाते. बायपासची किल्ली पॅनेलवर लटकलेली असेल तर ती आजच काढून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या हातात असलेली एक तपासणी सांगतो. कर्टन डायपासून किती लांब हवा हे प्रेस थांबायला किती वेळ घेतो त्यावर ठरतं. १४ मि.मी. रिझोल्यूशनच्या, म्हणजे १४ मि.मी. जाडीची वस्तूही पकडणाऱ्या, कर्टनला हिशेब सोपा आहे: हात सेकंदाला दोन मीटरने पुढे जातो असं धरायचं. प्रेस ०.२ सेकंदात थांबत असेल तर कर्टन किमान ४०० मि.मी. लांब हवा. व्हॉल्व्ह झिजून, स्पूल जड होऊन तोच वेळ ०.२५ झाला तर ५०० हवा. कर्टन तर तिथेच बोल्टने घट्ट आहे. म्हणजे नवा असताना सुरक्षित असलेला कर्टन, कुणी हात न लावता, असुरक्षित होतो. म्हणून थांबण्याचा वेळ वर्षातून एकदा आणि व्हॉल्व्ह बदलल्यावर दरवेळी मीटर लावून मोजून घ्या, कर्टन पुरवणाऱ्यांकडे हे मीटर असतं. रोज शिफ्टच्या सुरुवातीला टेस्ट रॉड कर्टनमध्ये वर, मध्ये, खाली घालून, रॅम चालत असताना, तो थांबतो का ते बघा आणि तपासणाऱ्याचं नाव वहीत लिहा. एकदाही थांबला नाही तर त्या शिफ्टला प्रेस बंद. याबाबतीत उत्पादन किती अडलं हा प्रश्नच मनात आणू नका. गेलेली बोटं कुठल्याही उत्पादनाने परत येत नाहीत.

होजमधून ऑइलचा धुरळा उडत होता. कुठून येतोय ते चाचपून बघताना बोटाला सुई टोचल्यासारखं झालं. रक्त नाही, फक्त ठिपका आहे. काम चालू ठेवलं. काही होतं का?
— एक प्रशिक्षणार्थी, उद्यमबाग, बेळगाव

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुमच्या नंबरवर फोन करून तातडीने हॉस्पिटलला जायला सांगितलं. इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी. दोनशे बारला बारीक छिद्रातून निघालेली ऑइलची धार कातडी भेदून आत शिरते. वर ठिपका दिसतो, आत ऑइल बोटभर पसरलेलं असतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस काम चालू ठेवतो. काही तासांत बोट सुजून काळं पडू शकतं. यावर मलम नाही, शस्त्रक्रियाच लागते, आणि जितकी लवकर तितकं बोट वाचण्याची शक्यता जास्त. दवाखान्यात ‘टोचलं’ एवढंच सांगू नका. ‘हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा आणि ऑइलचं नाव लिहून न्या.

गळती शोधायला हात कधीच नाही. लांब काठीला पुठ्ठा बांधा आणि तो होजजवळून फिरवा, छिद्र असेल तिथे पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटते. डोळ्यांवर चष्मा. छिद्र सापडलं की मोटर बंद, प्रेशर शून्य, अ‍ॅक्युम्युलेटर (दाब साठवून ठेवणारी बाटली) असेल तर तोही रिकामा, मगच पाना लावा. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये मोटर बंद झाल्यावरही दाब राहतो. त्यात भरायचा वायू फक्त नायट्रोजन. ऑक्सिजन कधीही नाही, ऑइलशी गाठ पडली की स्फोट होतो.

होजवर तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं. सहा वर्षं झाली की, दिसायला चांगली असली तरी, बदला. वरचं रबर तडकलं, तार दिसली, फिटिंगपाशी फुगा आला तर वय बघत बसू नका. आणि होज वळवताना फिटिंगच्या तोंडाशीच वाकवू नका, तिथेच ती आधी फुटते.

वर्षातून एकदा प्रेस पूर्ण बघायचा तर काय काय करावं? आमच्याकडे खंडेनवमीला प्रेसची पूजा असते, तेव्हाच दोन दिवस बंद असतो.
— इचलकरंजी

पूजेच्या आधीचे दोन दिवस मागून घ्या. स्वच्छ झालेल्या, तपासलेल्या प्रेसला हार घालायला बरं वाटतं, आणि पूजेच्या दिवशी खोललेली टाकी नको.

पहिला दिवस यांत्रिक कामाचा. बेड मास्टर लेव्हलने दोन्ही दिशांना तपासा, पायाचे बोल्ट आवळा. टाय रॉडच्या नटांवर पेंटची रेघ मारलेली असते, ती सरळ आहे का बघा. सरकली असेल तर नट सैल झालाय, आणि तो नुसता पान्याने आवळायचा नसतो, उत्पादकाने सांगितलेल्या ताणानेच आवळावा लागतो. रॅम आणि बेड समांतर आहेत का ते चारही कोपऱ्यांत डायल फिरवून मोजा, चारही आकडे वहीत. एक कोपरा दर वर्षी वाढत असेल तर त्या बाजूचं गाइड बुश झिजतंय, किंवा डाय कायम एका बाजूला बसवली जातेय. दुसरं कारण जास्त वेळा निघतं. क्राउन आणि बेडच्या वेल्डिंगवर, विशेषतः कोपऱ्यांत, डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) तडे बघा. तुमचा प्रेस वेल्डेड आहे आणि जुना आहे, हे टाळू नका. कपलिंगचा रबर स्पायडर काढून हातात घ्या, पाकळ्या दबलेल्या असतील तर बदला आणि मोटर-पंपाची रेषा पुन्हा जुळवा.

दुसरा दिवस टाकीचा. ऑइल स्वच्छ ड्रममध्ये काढा, स्ट्रेनर बाहेर घ्या, तळाचा गाळ काढा. आतल्या रंगाचे पोपडे निघत असतील तर सगळे खरवडून काढा, अर्धवट सोडू नका, ते पंपाकडेच जातात. कूलरच्या ट्यूबा उघडून आतला क्षार काढा. बोअरवेलचं पाणी वापरत असाल तर तो भरपूर निघेल. सोलेनॉइडच्या कॉइल्सचे कनेक्टर काढून गंज आणि ऑइल बघा, प्रत्येक स्पूल पिनने दाबून मोकळा सरकतो का ते हाताला कळू द्या, पण हे प्रेशर शून्य आणि रॅम ठोकळ्यावर असतानाच.

टाकी पुसायला कॉटन वेस्ट अजिबात घेऊ नका, तिचे धागे स्ट्रेनरला गुंडाळतात. धागा न सुटणारं फडकं घ्या, कोपऱ्यातल्या उरल्यासुरल्या गाळासाठी मळलेल्या कणकेचा गोळा दाबून उचला, जुने फिटर हेच करतात आणि ते अगदी योग्य आहे. आत किती फडकी नेली आणि किती बाहेर आली ते मोजून मगच झाकणाचे बोल्ट लावा. झाकणाचं गॅस्केट नवं घाला. ऑइल ट्रॉलीतून भरा, मोटर नुसती टिचकी देऊन पंपाची फिरण्याची दिशा बघा, मग रॅम दाबाशिवाय थोडा वेळ वरखाली करून हवा निघू द्या, आणि ऑइल ४५ अंशांवर आल्यावर वर जायचे सेकंद मोजून नव्या वर्षाच्या पानावर लिहा.